पहिल्यासारखी

विषय: मंगळवार, ता. ६ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टरांच्या खोलीत माझ्या तोंडचं वाक्य पळवल्याबद्दल.

खालचा मजला,
गुरुवार, ता. ८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद आहेतच, पण ते सध्या राखून ठेवले आहेत. खुलासा मिळाला की सोडीन.

इकडे सर्व ठीक. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय. वर तुझ्याकडे परवा काहीतरी जड पडलं, ते काय होतं ते कळवावं. हे पत्र पेपरच्या घडीत घालून तू वरून दोरीने सोडतेस त्या पिशवीत ठेवते आहे. तू दोरी ओढशील तेव्हा पेपर जरा जड लागेल, घाबरू नकोस.

आता मुद्द्याचं. एकाच घरात राहून पत्र कशाला, फोन का नाही, असं तू म्हणशील. फोनवर तू हसतेस. कागदावर हसलीस तर मला ऐकू येत नाही.

मंगळवारी काय झालं ते मी क्रमाने लिहिते, कारण तुझी आठवण सोयीप्रमाणे चालते. ऑक्टोबरात माझ्या घोट्याचं प्लास्टर निघालं आणि आठवड्याभरात पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन बसली. तिथून पुढची तपासणी ही मंगळवारची. छातीचे डॉक्टर समोर, मी खुर्चीत, तू बाजूच्या स्टुलावर माझी पर्स मांडीत घेऊन. डॉक्टरांनी संगणकाकडे बघत विचारलं, "काय आजी, दम कसा आहे आता?"

मी त्यांची आजी नाही. तरी मी सोडून दिलं आणि उत्तर दिलं, "पहिल्यासारखाच."

यावर त्यांनी माझ्याकडे बघायला हवं होतं. त्यांनी तुझ्याकडे बघितलं. आणि तू म्हणालीस, "अहो, अगदी पहिल्यासारखी झालीय. जिभेत तर गुठळी झालीच नव्हती."

डॉक्टर हसले. दारातली नर्स हसली. तू तर स्टुलावरून पडायची राहिलीस. हसता हसताच त्यांनी काहीतरी टाइप केलं, गोळ्या चालू ठेवा म्हणाले, सहा महिन्यांनी या म्हणाले, आणि पुढच्याला हाक गेली.

मी 'पहिल्यासारखाच' म्हणाले ते कशाबद्दल, हे तुला ठाऊक असायला हवं होतं. पहिल्यासारखा म्हणजे पहिल्या दिवशी होता तसा. ऑक्टोबरात मी बाजारातून येताना दिव्याच्या खांबाला धरून उभी राहिले होते, आणि ओळखीच्या माणसाची वाट बघतेय असं तोंड केलं होतं, त्या दिवसासारखा. डॉक्टरांना ऐकू आलं ते 'आजाराच्या आधीसारखा'. हा शब्द असा दोन्ही तोंडांनी बोलतो, हे मला इतक्या वयात, त्या खुर्चीत बसून कळलं. त्यांचं ठीक आहे, ते परके. तू माझ्या पाठची. तुला कळलं नाही की कळून घ्यायचं नव्हतं?

मी तिथल्या तिथे दुरुस्त का केलं नाही, असं विचारशील. तू पर्स उचलून दारात पोहोचली होतीस. माझी किल्ली, चष्मा, रुमाल सगळं तुझ्या काखेत. माणूस काय बोलणार.

तरी तुझ्याकडून लेखी खुलासा हवा आहे. तो मिळेपर्यंत मी वर येणार नाही. संध्याकाळचे पत्ते बंद. हा तत्त्वाचा प्रश्न आहे, उगीच "ये गं, ये गं" करून जिन्यातून ओरडू नकोस.

जाता जाता सांगते, न्हाणीघराची कडी मी हल्ली आतून लावत नाही. कडी घट्ट बसते. बाकी काही कारण नाही.

तुझी,
ताई

•

शुक्रवार, ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकटे,

तुझी चिठ्ठी पिशवीतून खाली आली. "रागुबाई, चहा थंड होतोय." एवढंच. याला मी खुलासा समजत नाही. शिवाय चहा वर आणि मी खाली, तो थंड होणारच.

तुला न सांगता दोन गोष्टी केल्या आहेत. आरडाओरडा करण्याआधी पूर्ण वाच.

बस स्थानकावर मी घोषणा करायचे तेव्हाचं तुला आठवत असेल. माझी पद्धत होती, एक गाडी एक श्वास. गाडी फलाटाला लागली की मी श्वास भरून घ्यायचे आणि सुरू करायचे: जुना पूल, दगडी शाळा, पाण्याची टाकी, सूतगिरणी, कालवा मार्गे मीठबंदरला जाणारी गाडी. मध्ये कुठेही न तोडता, मीठबंदरवर आवाज खाली. आपल्या शाळेतल्या मदर वाचन शिकवताना म्हणायच्या, वाक्याआधी श्वास संपला तर चूक वाक्याची नसते. बाकीच्या मुली पोट दाबून हसायच्या, मी मात्र ते धरून ठेवलं आणि त्यावर पोट भरलं. माझ्या जागी पुढे मशीन आलं तेव्हा लोक म्हणाले, मशीनला धाप लागत नाही. मी म्हटलं, मला कुठे लागते.

तर गेले काही दिवस मी भांडी घासताना नळ सोडून ती गाडी म्हणून बघते. नळ अशासाठी की वर ऐकू जाऊ नये. जानेवारीत मी कालव्यापर्यंत जात होते. मग सूतगिरणी. मग पाण्याची टाकी. तुझी चिठ्ठी आली त्या सकाळी गाडी दगडी शाळेपाशी थांबली, ती हललीच नाही. मी ओट्याला दोन्ही हात टेकून उभी होते आणि छातीत कुणीतरी आतून दार वाजवावं तसं चाललं होतं. नळ वाहत राहिला. मला तो बंद करायला हात उचलता येईना.

त्याच दिवशी मी टॅक्सी बोलावली आणि एकटी डॉक्टरांकडे गेले. नंबर नव्हता. नर्स म्हणाली, तुमची तारीख ऑगस्टमधली आहे. मी म्हटलं, बाई, ऑगस्टला मी येईन याची खात्री तू देतेस का? तिने मला आत सोडलं.

डॉक्टरांना मी शब्दाचा घोळ सांगितला. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी संगणकाकडे पाठ केली, खुर्ची ओढून माझ्यासमोर आणली, आणि विचारत बसले. पाय सुजतात का, वाकल्यावर चक्कर येते का, अंथरूण घालताना थांबावं लागतं का. मग मला बाहेरच्या बोळात चालवलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून. चालून आल्यावर चिमट्यातला आकडा बघून ते काही बोलले नाहीत. डॉक्टर बोलत नाहीत तेव्हा काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची तारीफ केली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, इको झाला. हृदयाचं चित्र. छातीला थंडगार चिकट काहीतरी लावतात आणि कुशीवर झोपवतात. खोलीत अंधार. तपासणारी बाई फासळीत दाबून दाबून एकाच जागी परत परत येत होती. मी विचारलं, काय दिसतं? ती म्हणाली, डॉक्टर सांगतील.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. बहुतेकांची गुठळी गोळ्यांनी काही महिन्यांत विरघळून जाते. थोड्यांची जात नाही. ती नळीच्या आतल्या अंगाला धरून बसते आणि वाळून चामड्यासारखी होते. मग फुप्फुसात रक्त ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. माझी उजवी बाजू ताणलेली दिसते. तेवढ्यावरून नक्की म्हणता येत नाही. नक्की कळायला आणखी एक तपासणी आहे, ती शुक्रवारी, ता. २३ ला सकाळी, मोठ्या हॉस्पिटलात.

तू काळजी करू नकोस. मी टॅक्सी ठरवली आहे. बाकी ठीक.

ताई

ता. क. वर येण्याचा आग्रह पुन्हा करू नये. माझा निश्चय बदललेला नाही.

•

मंगळवार, ता. २० फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. या वेळी पूर्ण पान आहे आणि एकही विनोद नाही, म्हणून मी ते दोनदा वाचलं. "मला न सांगता गेलीस. माझा राग होता तर तोंडावर बोलायचं होतंस. एवढी काय ती अढी? वर ये, समोर बस, आणि काय ते बोल. मी खाली येणार नाही. दर वेळी मीच का नमतं घ्यायचं?"

बरोबर आहे. दर वेळी तूच नमतं घेतेस. आता मी जे लिहिते ते एका दमात वाच, कारण मला ते एका दमात लिहिता येतंय. कागदावर मला धाप लागत नाही. मी तुला पत्रं लिहिते त्याचं खरं कारण एवढंच आहे. परवा तुझा फोन आला तेव्हा मी "हं" आणि "बरं" एवढंच बोलले, तू म्हणालीस अजून फुगलेलीच आहेस. मी फुगले नव्हते, पलंगावरून फोनपर्यंत चालत आले होते.

गेल्या पत्रात डॉक्टरांनी विचारलेला एक प्रश्न मी गाळला. त्यांनी विचारलं, "जिना चढता का?"

मी म्हटलं, "नाही."

"का?"

"वरच्या मजल्यावर बहीण राहते. तिच्याशी भांडण आहे."

"कधीपासून?"

"सहा तारखेपासून. तुम्हीही होता."

ते हसले नाहीत. म्हणाले, "भांडणाआधी चढत होता?"

"भांडणाआधी गुडघा दुखत होता."

"गुडघ्याआधी?"

गुडघ्याआधी काय सांगितलं होतं मी तुला? थंडी. थंडीआधी, पाणी भरायचं आहे. त्याआधी, तुझ्या टीव्हीचा आवाज मोठा असतो. मी त्यांच्यासमोर बसून एकेक आठवत मागे गेले, आणि हॉस्पिटलातून घरी आल्यापासून मी तुझ्या घरात पाऊल टाकलेलं नाही, इथे येऊन पोहोचले. एकदाच प्रयत्न केला होता. वळणापर्यंत आले, कठड्याला धरून बसले, आणि डोळ्यांपुढे कडेकडेने काळं यायला लागलं. वर तुझी शिट्टी चालली होती, कुकरची नव्हे, तुझी स्वतःची. हाक मारायला श्वास नव्हता. मग बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली उतरले, लहान मुलं उतरतात तशी. कुणी बघितलं नाही.

मी वर येणार नाही असं लिहिलं होतं. मी वर येऊ शकत नाही, असं लिहायला हवं होतं. पत्ते बंद असंही लिहिलं, ते तर ऑक्टोबरापासूनच बंद आहेत. तू जीभ पाजळलीस म्हणून मला फार सोयीचं भांडण मिळालं. इतकं पक्कं कारण मला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं.

आणि पर्स तुझ्या काखेत होती म्हणून मी गप्प बसले, हेही खरं नाही. डॉक्टरांनी उलटा अर्थ घेतला हे मला तिथेच कळलं होतं. मी तोंड उघडलं होतं. पण ते "छान" म्हणाले. कुणी मला छान म्हणून किती दिवस झाले होते. मला वाटलं, शिकला-सवरलेला माणूस आहे, त्याने म्हटलं तर असेलही. लिफ्टमधून खाली येईपर्यंत मी बरी होते, धाकटे. लिफ्टचं दार उघडलं आणि टॅक्सीपर्यंत चालायचं होतं.

शुक्रवारच्या तपासणीचं आता नीट सांगते. आधी तोंडावर मास्क लावून काहीतरी हुंगायला देतात, त्याने हवा फुप्फुसात कुठे कुठे जाते त्याचं चित्र निघतं. मग हातात सुई, त्याने रक्त कुठे कुठे जातं त्याचं चित्र. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवतात. जिथे हवा जाते पण रक्त जात नाही, तिथे ते जुनं चामडं चिकटून बसलंय. सुई किंवा मास्क यांचं मला काही नाही. मला त्या दुसऱ्या चित्राची भीती आहे. उताणं पडायला सांगतात, आणि उताणी पडले की मला छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. हल्ली मी तीन उशा घेऊन बसल्यासारखी झोपते. पहाटे जाग येते तेव्हा आधी श्वास चालू आहे ना ते ऐकते, मग डोळे उघडते. आपण झोपेत विसरून जाऊ असं वाटतं, श्वास घ्यायला. हसण्यासारखं आहे, पण हसू नकोस.

डॉक्टर म्हणाले, सापडलं तर इलाज आहे. मोठं ऑपरेशन करून नळीच्या आतून ते सोलून काढतात. ते सगळीकडे होत नाही, लांब जावं लागेल. कुणाकुणाचं फुग्याने नळी रुंद करून भागतं, कुणाचं औषधावर. पण आधी सापडायला हवं. मी विचारलं, नाही शोधलं तर? ते म्हणाले, "मग तुम्ही वर्षभर म्हणत राहाल की वय झालं, आणि घरचेही म्हणतील वय झालं, आणि हृदय बिचारं एकटं ओढत राहील." मी त्या वाक्यावर रस्ताभर विचार केला. तुझेमाझे किती नातेवाईक असेच वयाने गेले म्हणून आपण सांगतो.

आता तुझ्याबद्दल. तूही खाली आली नाहीस. तुझ्या पायांना आणि तुझ्या जिन्याला काही झालेलं नाही. पेपरची पिशवी दोरीने सोडतेस, दळण दोरीने, परवा तर पातेलंही दोरीने उतरवलंस आणि निम्मं सांडलंस. पूर्वी तू दिवसातून दहादा खाली यायचीस, मीठ आहे का विचारायला. ऑक्टोबरात मी दारात पडले होते तेव्हा मला पहिल्यांदा बघितलं ते तू. माझे ओठ निळे झाले होते, असं तू शेजारणीला सांगितलंस, मला कधी सांगितलं नाहीस. तेव्हापासून तू प्रत्येक वाक्याला हसतेस. मला वाटतं डॉक्टरांच्या खोलीतही तू त्यासाठीच हसलीस. 'पहिल्यासारखाच' हे तुला बरोबर ऐकू आलं होतं, आणि म्हणूनच तू घाईघाईने ते दुसऱ्या अर्थाने पुरं केलंस. मी चुकत असेन तर लिही.

तेव्हा खुलाशाची मागणी मी मागे घेते. त्याऐवजी दुसरी करते, आणि ती अवघड आहे.

शुक्रवारी माझ्याबरोबर ये. टॅक्सीत बडबड केलीस तरी चालेल. आतल्या खोलीत एकटीलाच जावं लागतं, तिथे मी जाईन. पण चित्रं बघून झाल्यावर डॉक्टर आपल्याला बोलावतील आणि मला विचारतील, कसं वाटतंय, काय काय जमतं. मी तेव्हा ठीक म्हणेन. मला माझं तोंड माहीत आहे, ते आयुष्यभर लोकांना वेळेवर सुटणाऱ्या गाड्या सांगत आलंय. मी ठीक म्हटलं की तू माझं वाक्य तोड. जिना सांग, तीन उशा सांग, न्हाणीघराची कडी सांग, मी काय काय कारणं दिली ती सगळी सांग. मी चिडले, तुला गप्प बस म्हटलं, तरी थांबू नकोस. मी तिथे रडले तर आधी सगळं सांगून पूर्ण कर, मग माझ्याकडे बघ.

हे तुला जमत नसेल तर तसं स्पष्ट लिही. मी समजेन, आणि टॅक्सीवाल्याला एक माणूस सांगेन. जमत असेल तरी लिहूनच दे. तोंडी 'हो' म्हणून ऐनवेळी पाय मागे घेतलास, तर मी त्या दारातून परत फिरेन, आणि पुन्हा जाणार नाही, हे मला स्वतःबद्दल पक्कं माहीत आहे.

म्हणून उत्तर लेखी हवं. येते किंवा येत नाही, यापैकी एक, आणि खाली तुझी सही. 'बघू' चालणार नाही. उत्तराऐवजी हसरं तोंड काढलेलं चालणार नाही. दोरीने सोडलेलं मी घेणार नाही, स्वतः खाली आणून माझ्या हातात द्यायचं. मुदत गुरुवार, ता. २२ फेब्रुवारी, संध्याकाळी सहापर्यंत. दार उघडंच आहे.

वाट बघणारी आणि फार घाबरलेली,
तुझी ताई